फलालीनचं गाव

शारजातल्या आमच्या शाळेनं भर मे महिन्यात मुलांना फलालीनच्या पँटी घालायला लावल्या होत्या, हे मी सांगितलं की लोक आधी हसतात. हसू नका, माझं डोकं फिरतं. पायाला घामानं चिकटलेलं लोकरीचं कापड, गळ्यात टाय आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री. हे ज्यांनी चालवून घेतलं ती सगळी शिकली-सवरलेली माणसं होती. आणि जिनं चालवून घेतलं नाही त्या एका बाईला त्यांनी देशाबाहेर काढलं. त्या पेडणेकर बाई. त्यांच्याविषयी लिहायला बसले की आधी मला त्या लोकांचा राग येतो आणि बाई मागे राहून जातात. आज तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवलंय, बघू जमतंय का.

शरयू पेडणेकर, मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लग्न केलेलं नव्हतं. मुलांच्या त्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सांगलीहून गणित शिकवायला गेले, तेव्हा शाळेनं मला शारजाच्या रोल्ला भागातल्या फ्लॅटमध्ये त्यांच्या खोलीत टाकलं. मी बॅग खाली ठेवतेय तोवर कॉटवरून प्रश्न आला, "तू खंयची गो?"

"सांगलीची."

"सांगलीचीच? की आजोबा येऊन राहिले सांगलीत?"

आजोबा विट्याजवळच्या एका खेड्यातून आले होते, ते मी सांगितलं.

"मग सांगली तुझं स्टेशन झालं. गाव वेगळं," असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी कपाटाचे दोन खण रिकामे केले. माणूस उंचीनं एवढासा. नेसायचं ते कडक स्टार्चचं सुती, अंबाड्यात कायम एक खडू खोचलेला. त्या खडूनं माझ्या उशीचे अभ्रे पांढरे व्हायचे, कारण माझ्याच कॉटवर लवंडून त्या वह्या तपासायच्या. बोललं तर म्हणायच्या, "अगो, चुना लागूक नाय तुका, खडू लागलोहा."

आखातात कुणीही कुणाला भेटलं की पहिला प्रश्न असतो, नेटिव्ह प्लेस? टॅक्सीवाला विचारतो, किराणावाला विचारतो, दवाखान्यातली नर्स सुई टोचता टोचता विचारते. आणि आमच्या वर्गातल्या पोरांना नेमकं याचंच उत्तर देता यायचं नाही. जन्म शारजाचा, पासपोर्ट मुंबईचा, सुट्टी दापोलीला आणि बोलायचं इंग्लिशमधून. पोरं गोंधळून म्हणायची, "मिस, आय डोन्ट नो. आय हॅव टू आस्क माय डॅड." बाईंनी त्यावर उपाय काढला. आठवड्याच्या शेवटच्या तासाला फळ्यावर एक शब्द लिहायचा आणि खाली लिहायचं, नेटिव्ह प्लेस? मग पोरांनी सुट्टीत घरी विचारायचं, दुकानात विचारायचं, अरबी शिकवणाऱ्या सुदानी उस्तादांना विचारायचं आणि शब्दाचं गाव शोधून आणायचं. त्या तासाला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा हात वर करायची. मला गणितात हे कधी जमलं नाही.

शुक्रवारी मासळी बाजारातही हेच. मलबारी कोळ्यासमोर उकिडव्या बसून सुरमईचा कल्ला उघडायच्या आणि विचारायच्या, "ये किधर का है? ओमान का या इधर का?" तो म्हणायचा, "मॅडम, मछली का पासपोर्ट नहीं होता." बाई गंभीरपणे म्हणायच्या, "पासपोर्ट नहीं, गाव पूछा." आणि तो सांगायचाच.

बाई चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. चष्मा काढायच्या, पदरानं पुसायच्या आणि इतकं हळू बोलायच्या की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. मराठी मंडळात एकदा शुद्ध मराठी वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक म्हणून बाईंना बोलावलं होतं. संयोजकांनी नियम वाचला की परका शब्द आला की गुण कापायचे. बाईंनी चष्मा काढला. मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. बाई हळूच म्हणाल्या, "अर्ज हा शब्द इथल्या अरबांचा आहे आणि पगार पोर्तुगीजांचा. दोन्ही टाकून देऊया. मग आपण सगळे शारजात कशाला राहिलोय तेवढं मला कुणीतरी सांगा." पुढच्या वर्षी परीक्षक बदलले.

फलालीन आमच्या वर्गात पहिल्यांदा शिरली ती पँट होऊन नाही, शब्द होऊन, चांगल्या वाटेनं शिरली. एका मुलाला भाऊ झाला होता. बाळंतपणाला आलेली आजी बाळाच्या दुपट्याला फलालीन म्हणते, असं तो सांगत आला. बाईंनी शब्द फळ्यावर लिहिला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं बातमी आणली की उस्ताद आपल्या सदऱ्याच्या आतल्या बनियनला फनेला म्हणतात. बाईंचे डोळे चमकले. लायब्ररीतला तो जाडजूड शब्दकोश त्यांनी दोन पोरांकरवी वर्गात आणवला आणि सगळ्यांना भोवती उभं करून पान काढलं. शब्द इंग्रजीतला फ्लॅनेल. इंग्रजांकडून तो फ्रेंचांकडे गेला, तिथून इटालियनांकडे, मग तुर्कांच्या आणि व्यापाऱ्यांच्या हातून मिसरला, म्हणजे इजिप्तला पोचला आणि अरबांच्या अंगात बनियन होऊन बसला. दुसरी फांदी इंग्रजांच्या जहाजातून मुंबईला उतरली आणि आमच्या बाळंतिणीच्या खोलीत फलालीन झाली. पण इंग्रजांचाही तो नव्हताच. त्यांनी तो शेजारच्या वेल्समधून उचललेला. तिथे ग्व्लान म्हणजे लोकर आणि ग्व्लानेन म्हणजे लोकरीचं कापड. कोशात पुढे लिहिलं होतं, बहुधा. बाईंनी तो बहुधासुद्धा फळ्यावर लिहिला. म्हणाल्या, "नेव्हर ड्रॉप द प्रॉबेबली, बॉइज. लबाड लोक तोच गाळतात."

ते ग्व्लानेन म्हणायचं कसं यावरून पुढे महिनाभर मला झोप नव्हती. शेवटी दुबईच्या एका सुपरमार्केटात लाल जर्सीवर वेल्सचा ड्रॅगन असलेला एक गोरा दिसला. बाई हातातली पावाची लादी माझ्याकडे देऊन तडक त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "एक्स्क्यूज मी, आर यू फ्रॉम वेल्स?" तो हो म्हणाला. "मग हा शब्द म्हणून दाखवा." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तो माणूस चक्क खुलला. त्यानं तीनदा म्हणून दाखवलं. आजी त्याच कापडाचा परकर घालायची म्हणाला, गावात नदीकाठी लोकरीची गिरणी होती म्हणाला. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे पाऊस किती? तो हसला आणि म्हणाला, उन्हाळा येऊन गेला तर आम्हाला कळतसुद्धा नाही, एवढा. टॅक्सीत बाई रोल्लापर्यंत ग्व्लानेन, ग्व्लानेन करत राहिल्या. ड्रायव्हर पठाण होता, त्याला वाटलं बाई काही प्रार्थना पढतायत, त्यानं बिचाऱ्यानं रेडिओ बंद केला.

मग माझं लग्न झालं, मी नवऱ्याच्या व्हिसावर अल नहदाला राहायला गेले, शाळा तीच राहिली. दोन हजार सालाच्या आसपास आम्हाला नवे प्रिन्सिपॉल आले, हिमालयातल्या कुठल्याशा बोर्डिंग स्कूलमधून. तिथे राखाडी फलालीनच्या पँटी होत्या म्हणून इथेही राखाडी फलालीनच्या पँटी. खाकी सुती पँटी बंद. सर्क्युलर निघालं एप्रिलमध्ये. एप्रिल, मे, जून हे शारजातले महिने काय असतात ते राहिलेल्या माणसालाच ठाऊक. प्रिन्सिपॉल एसी घरातून एसी गाडीत आणि एसी गाडीतून एसी ऑफिसात. शाळेच्या बसला एसी नव्हता.

मला वाटलं, पालक उठतील. कसले उठतायत. पालक खूश. रोल्लाच्या फोटो स्टुडिओत रांग लागली. पोराला राखाडी पँट, टाय घालून उभं करायचं आणि फोटो गावाला पाठवायचा. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, अगदी कॉन्व्हेंट वाटतं हो आता." अरे, तुझं पोरगं उकडून निघतंय आणि तुला कॉन्व्हेंट वाटतंय? हे मी तोंडावर बोलले. त्यांनी आमच्याकडे येणं सोडलं, बरं झालं.

मे महिन्यात दुपारी शाळा सुटल्यावर सहावी ब मधला निखिल बसच्या पायरीवर कोसळला. बाईंची आणि माझी त्या दिवशी बसवर ड्यूटी होती. बाईंनी त्याचं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं, टाय ओढून काढला, डोक्यावर बाटली रिकामी केली आणि पँट गुडघ्यावर दुमडली. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय लालभडक, घामोळ्यांनी सोललेले. पोरगं शुद्धीवर येताच म्हणालं, "आय एम ओके, मिस. आय एम ओके." बाईंनी चष्मा काढला आणि पुसायला पदर धरला, तो भिजलेला होता, तर तसाच हातात धरून बसल्या. संध्याकाळी त्यांनी निखिलच्या आईला फोन केला. आई म्हणाली, "तो ब्रेकफास्टच करत नाही मॅडम, त्यामुळे झालं असेल." ही निखिलची आई आमच्यातलीच, ठाण्याची, बँकेत नोकरी करणारी. अडाणी असती तर मी एक शब्द बोलले नसते.

स्टाफ मीटिंगला बाई उभ्या राहिल्या. एक पँट त्यांनी टेबलावर ठेवली. ही प्रिन्सिपॉलच्या मापाची होती, रोल्लाच्या शिंप्याकडून अंदाजानं शिवून घेतलेली. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, हे कापड अशा गावचं आहे जिथे बारा महिने पाऊस पडतो. मेंढ्यांच्या अंगावरून ते माणसांच्या अंगावर आलं, थंडी होती म्हणून आलं. जगात ते जिथे जिथे गेलं तिथल्या लोकांनी त्याला आपल्या हवेप्रमाणे बदलून घेतलं. आम्ही त्याचं बाळाचं दुपटं केलं, अरबांनी तर नाव घेतलं आणि लोकर टाकून सुताचं बनियन केलं. तसंच्या तसं मे महिन्यात वाळवंटात कुणी घातलं नाही, आपणच पहिले. तरी तुमचा आग्रह असेल तर ही पँट घाला आणि आज आमच्याबरोबर दीडच्या बसनं रोल्लापर्यंत चला. तुम्ही टिकलात तर मी माफी मागते."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प बसलं. प्रिन्सिपॉल हिंदीत म्हणाले, "मॅडम, डिसिप्लिन की बात है." मग कोश त्यांनीही चाळला असावा, कारण इंग्रजीत म्हणाले, "आणि तुमच्या कोशातसुद्धा त्या वेल्सबद्दल बहुधा असंच लिहिलंय."

"शब्द बहुधा वेल्सचा आहे," बाई म्हणाल्या. "पोरगं नक्की पडलं."

मी उठून म्हटलं, बाई बरोबर बोलतायत, पाय मीही पाहिलेत. मला सांगण्यात आलं की गणिताच्या टीचरनी गणित बघावं. बाकीच्यांनी डबे उघडले. मी त्यांना दोष द्यावा की नाही हे मला अजून कळत नाही. बहुतेकांचे व्हिसा शाळेचे होते. बाईंचाही शाळेचाच होता.

दोन दिवसांनी मॅनेजमेंटनं बाईंना बोलावलं. लेखी माफी द्या आणि युनिफॉर्मबद्दल पुन्हा बोलणार नाही असं लिहा, नाहीतर टर्म संपली की व्हिसा कॅन्सल. व्हिसा कॅन्सल म्हणजे महिन्याभरात देश सोडायचा. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला परत कोण बोलावतंय? मी रोल्लाला गेले. बाई बांगडे साफ करत होत्या.

"बाई, द्या ना लिहून. दोन ओळींचं काम आहे."

"काय लिहू? निखिल पडला नाही?"

"तसं नाही, नुसतं सॉरी म्हणा. इथलं सगळं सोडून जाणार कुठे?"

बाईंनी हात धुतले आणि ओल्या हातांनीच खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली रोल्लाचा बाजार नेहमीसारखा भरलेला होता. मग जे बोलल्या ते इतक्या हळू, की मला उठून जवळ जावं लागलं. "वेंगुर्ल्याक माझा कोण आसा गो? आई होती, ती गेली. घर भावानं विकलं. माझं जे काय आहे ते इथे, या खोलीत आणि त्या वर्गात. हे सगळं माका ठाऊक आसा. तू सांगू नको." मग परत येऊन बांगडे साफ करायला बसल्या. मला त्यांचा राग आला, शाळेचा आला, त्या निखिलच्या आईचा आला, आणि घरी जाऊन मी नवऱ्यावर काढला. त्या बिचाऱ्यानं काही केलं नव्हतं.

माफी बाईंनी लिहून दिलीच नाही. जूनच्या शेवटी टर्म संपत आली. बाईंच्या शिकवण्याच्या शेवटच्या दिवशी सहावी ब ला पीटी होती, म्हणून पोरं पांढऱ्या सुती पँटींत होती. नियम असा की पीटीनंतर पुन्हा फलालीन चढवूनच बसमध्ये बसायचं. बाईंनी वर्गात सांगितलं, आज बदलायचं नाही. सगळ्यांच्या पिशव्यांतल्या पँटी त्यांनी काढून घेतल्या. मी वरच्या मजल्यावर सातवीला अपूर्णांक शिकवत होते. खिडकीतून पाहिलं तर मैदानावर भर उन्हात बाई चाललेल्या, दोन्ही हातांवर हनुवटीपर्यंत पँटींचा ढीग, पुढचं दिसत नसावं, म्हणून पावलं चाचपत टाकतायत. मी तास टाकून खाली धावले. मी पोचेपर्यंत ढीग प्रिन्सिपॉलच्या टेबलावर होता.

"व्हॉट इज धिस?" ते म्हणाले.

"तुमचं कापड, सर. मुलं बसमध्ये आहेत."

त्या दुपारी बसमध्ये पोरांनी जो दंगा केला तो विचारू नका. पाय सीटवर, खिडक्या उघड्या, ड्रायव्हर ओरडतोय, यल्ला, बैठ जाओ, आणि कुणी ऐकत नाही. बाई पुढच्या सीटवर बसून होत्या. एकदाही त्यांनी पोरांना गप्प केलं नाही. बस्स, ही एक दुपार मिळाली. त्या बाईनं आपला सगळा संसार देऊन पोरांना एक दुपार मिळवून दिली, कारण फलालीन पुढे कितीतरी वर्षं तशीच राहिली. ते प्रिन्सिपॉल गेले, दुसरे आले, तरी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई लायब्ररीच्या किल्ल्या द्यायला आणि व्हिसाच्या कागदांवर सह्या करायला आल्या होत्या. ऑफिसबाहेर पालक उभे होते. माझ्या मनात वेडी आशा आली की हे बाईंसाठी आलेत. ते पँटींसाठी आले होते. पोरं पँट न घेता घरी आली म्हणून. पँटी सगळ्या एकसारख्या, प्यूननं त्या एका खोक्यात कोंबलेल्या, कुणाची कुठली ते त्याला कळेना, आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून लोकांची आरडाओरड सुरू झाली. बाई बाकावरून उठल्या. खोक्याशी खाली बसल्या. एकेक पँट हातात घेऊन बघायच्या आणि नाव सांगायच्या. कुणाची शिवण उसवलेली, कुणाचा गुडघा घासलेला, कुणाच्या खिशाला शाईचा डाग, रोज ज्यांना शिकवलं त्यांच्या पँटी त्यांना ओळखू येत होत्या. पँट झटकायच्या, घडी घालायच्या आणि हातात द्यायच्या. मी पाहत होते. एकानंही विचारलं नाही की मॅडम, तुम्ही आज वर्गावर का नाही.

सगळ्यात शेवटी निखिलची आई आली. तिनं घडी उलगडली, पँट उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "क्रीज पार गेली हो मॅडम." बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चष्मा निघणार. पण बाईंनी पँट परत घेतली, मांडीवर पसरली आणि तळहातानं दाबून दाबून क्रीज बसवायला लागल्या. ती बाई घड्याळ बघत उभी होती.